केनेट-एव्हन कालवा आणि एव्हन नदी : नॅरोबोटने ब्रॅडफर्ड ते ब्रिस्टल आणि परत (चर्चा)

मैलाचा_दगड (धागाकर्ता)

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्लंडमध्ये भाड्याच्या नॅरोबोटने (कालव्यांसाठीची लांब, अरुंद, राहायची सोय असलेली बोट) सात दिवसांचा प्रवास ठरतो आहे. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या लॉकखालून (लॉक म्हणजे बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद) निघायचं, केनेट-एव्हन कालव्याने बाथ गाठायचं, तिथे एव्हन नदीत उतरून ब्रिस्टलच्या बंदरापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, असा विचार आहे. बोट ६५ फुटी. माणसं सात : चार मोठी, ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि ७२ वर्षांच्या आजी. याआधी कोणीही बोट चालवलेली नाही. भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही आणि निघताना तासभर शिकवतात, एवढं कळलं आहे.

सात दिवसांत हे जमतं का? लॉक नेमकी कशी चालवायची आणि तिथे काय चुकतं? नदीचा टप्पा नवशिक्यांना झेपतो का? शिवाय स्वयंपाक, वीज, पाणी यांचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

सुकाणू

जमतं. पण बेत आखताना कालवा आणि नदी हे दोन वेगळे प्रवास धरा. कालव्यावर शिकलेल्या निम्म्या सवयी नदीवर उपयोगाच्या नसतात, काही तर घातक ठरतात.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडकवासल्याचा मुठा कालवा येतो. तो शेतीला आणि गावाला पाणी न्यायचा, म्हणून उताराने वाहता ठेवलेला. हा कालवा बोटींसाठी खणलेला आहे. पाणी जवळजवळ स्थिर, एकेक पट्टा सपाट आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये लॉकची पायरी. बोटीचं इंजिन बंद केलं तर ती हळूहळू जागेवर थांबते. नदीत इंजिन बंद केलं तर बोट बंधाऱ्याकडे निघते. पुढचं सगळं या एका फरकावर बेतलेलं आहे.

वेळेचा हिशेब सोपा ठेवा. मैल अधिक लॉक, भागिले तीन, इतके तास. ब्रॅडफर्ड लॉकखालून बाथपर्यंत साधारण १० मैल आणि शेवटी ६ लॉक, म्हणजे हिशेबाने साडेपाच तास. प्रत्यक्षात सात धरा, कारण या पट्ट्यात काठाला बांधलेल्या बोटींच्या मैल मैल लांब रांगा आहेत. त्यांच्या शेजारून इंजिन अगदी कमीत कमी फेऱ्यांवर ठेवून जायचं. वेगमर्यादा ताशी ४ मैल लिहिलेली असली तरी तिथे त्याहूनही हळू जायचं. जड बोट वेगाने गेली की काठाचं पाणी आधी ओढलं जातं आणि मग परत येतं. त्या हिसक्याने दुसऱ्याच्या बोटीचे जमिनीत ठोकलेले खुंट उपटून निघतात.

बाथपासून हॅनमपर्यंत नदीचे ११ मैल आणि ६ लॉक : वेस्टन, केल्स्टन, सॉल्टफर्ड, स्वाइनफर्ड, केन्शम, हॅनम. पुढे बंदरापर्यंत आणखी सुमारे ५ मैल. जाताना ओघाबरोबर, येताना ओघाविरुद्ध, म्हणून परतीला तास-दोन तास जास्त धरा.

चालवण्याबद्दल तीन गोष्टी. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळते. बोट मोटारीसारखी पुढून वळत नाही, मध्यावर फिरते, त्यामुळे वळताना पिछाडी बाहेर फेकली जाते. आणि मागे जाताना सुकाणू जवळजवळ काही ऐकत नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे सरकायचं. ब्रेक नाही. पंधरा-वीस टनांचं लोखंड थांबवायला रिव्हर्स घालून दोन-तीन बोटींइतकं अंतर लागतं.

एव्हनक्लिफ आणि डंडास इथे कालवा जलसेतूवरून नदी ओलांडतो. दोन्हीकडे सेतूच्या तोंडाशी जवळजवळ काटकोनात वळण आहे आणि पलीकडचं दिसत नाही. एक लांब हॉर्न द्या, एक माणूस काठावरून पुढे पाठवा, आणि समोरची बोट सेतूवर आलेली असेल तर अलीकडेच थांबा.

६५ फुटी बोट कालव्यावर वाटेल तिथे उलटी फिरत नाही. त्यासाठी कालवा मुद्दाम रुंद केलेल्या जागा आहेत, त्यांना वाइंडिंग होल म्हणतात. नकाशावर त्या आधीच खूण करून ठेवा, बोटीची लांबी तिथे बसते का तेही बघा.

---

खिटी

लॉकबद्दल मी लिहितो. या कालव्याची लॉक रुंद आहेत, १४ फूट. तुमची बोट ६ फूट १० इंच, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. मागून बोट येताना दिसली तर थांबा आणि एकत्र जा. पाणी वाचतं, कष्ट निम्मे होतात, आणि दोन बोटी एकमेकींना धरून राहिल्याने हौदात कमी आदळतात.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. दारांवर आणि काठावर झडपा असतात, त्यांना पॅडल म्हणतात. विंडलस नावाच्या हँडलने त्या दातेरी चाकावर वर उचलायच्या. प्रत्येक पॅडलला एक खिटी असते, ती दात्यात अडकून झडप वर धरून ठेवते. झडप उचलून झाली की विंडलस लगेच काढून हातात घ्यायचा. तो तसाच अडकवून ठेवला आणि खिटी सुटली, तर झडपेच्या वजनाने हँडल गरगर फिरतं. मनगट मोडतं, दात जातात. खाली करतानाही झडप सोडून देऊ नका, हँडलने उतरवा.

वर चढताना क्रम असा. हौद रिकामा आहे ना ते बघा, बोट आत घ्या, खालची दारं लावा, खालच्या झडपा बंद आहेत याची खात्री करा. मग वरच्या बाजूची काठावरची झडप उघडा, आणि तीही ज्या बाजूच्या भिंतीला बोट लागली आहे त्याच बाजूची आधी. तिचं पाणी बोटीखालून जाऊन समोरच्या भिंतीवर आपटतं आणि परत येऊन बोटीला तिच्याच भिंतीशी दाबून धरतं. उलट बाजूची आधी उघडलीत तर बोट हौदभर भिरभिरते. पहिल्यांदा अर्धीच उघडा, बोट शांत झाली की पूर्ण. दारावरच्या झडपा त्या पाण्याखाली बुडाल्याशिवाय मुळीच नाहीत. त्यांचा झोत सरळ पुढच्या डेकवर येतो आणि बोटीत पाणी शिरतं. म्हणून वर चढताना आजी किंवा मुलं पुढच्या उघड्या डेकवर नकोत.

खाली उतरताना धोका वेगळा. वरच्या दाराखाली दगडाचा उंबरठा असतो, तो हौदात चार-पाच फूट पुढे आलेला असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. भिंतीवर पांढरी रेघ आणि अक्षरं असतात, तिच्या पुढे बोटीची पिछाडी राहिली पाहिजे, पूर्ण वेळ. पाणी उतरताना पिछाडी उंबरठ्यावर टेकली तर बोटीचं मागचं टोक वरच राहतं, नाळ खाली जाते आणि दोन-तीन मिनिटांत बोट बुडते. बुडणाऱ्या भाड्याच्या बोटींचं हे नेहमीचं कारण आहे. टेकली असं वाटलं तर ओरडा, खालच्या झडपा ताबडतोब बंद करा आणि त्या पूर्ण बंद झाल्यावर वरच्या उघडून हौद परत भरा. झडपांपाशी उभा असलेल्या माणसाचं लक्ष सतत चालवणाऱ्यावर हवं, फोनवर नको.

दोर खुंटाला वेढा देऊन हातात धरायचा, गाठ मारायची नाही. खाली जाताना गाठ बसली की बोट दोराला लटकते.

दार ढकलताना हात लांब करून नाही, दाराला जोडलेल्या लांब तुळईला पाठ टेकून पायांनी रेटा. उघडत नसेल तर पाण्याची पातळी अजून सारखी झालेली नाही. जोर लावून उपयोग नाही, थांबा.

आता बाथची सहा लॉक. वरून १३, १२, ११, १० आणि मग ८/९ असा जोड क्रमांक. रस्ता रुंद करायचा म्हणून १९७६ साली दोन लॉकांचं मिळून एक केलं, त्याचं हे बाथ डीप लॉक. खोली १९ फूट ५ इंच, म्हणजे जवळजवळ ६ मीटर. त्याच्याखाली क्रमांक ७, आणि लगेच नदी.

एरवीचं लॉक एकदा रिकामं केलं की सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं. आपल्याकडच्या भाषेत दहा हजारी तेवीस टँकर. डीप लॉकला साडेपाच लाख, म्हणजे पंचावन्न टँकर. ते येतं वरच्या छोट्या पट्ट्यातून. परतीला वर चढताना डीप लॉक भरलं की वरचा पट्टा एकदम उतरतो, आणि घाईने पुढे निघालात तर तिथे तळाला टेकता. आधी एकाने वर चालत जाऊन पातळी बघून यावी, कमी असेल तर वरच्या लॉकमधून थोडं पाणी सोडून घ्यावं. या सहांना दोन तास हातात ठेवा.

डीप लॉकमध्ये वर चढताना खुंट डोक्यावर सहा मीटर उंच असतात. बोटीचा हुक तिथवर पोचत नाही. वरच्या माणसाने हलका दोर खाली सोडावा, चालवणाऱ्याने त्याला बोटीचा मधला दोर बांधावा, मग तो वर ओढून खुंटाला वेढा द्यावा. मधला दोर निदान १५ मीटर आहे का, हे बोट ताब्यात घेतानाच बघा.

---

मैलाचा_दगड

खूप धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न. लॉक सोडून जाताना दारं कशी ठेवायची? आणि उतरताना बोट पुढच्या दाराला आपटणार नाही याची काळजी कशी घ्यायची?

---

खिटी

दारं बंद, झडपा खाली, हा सर्वसाधारण नियम. काही लॉकांवर रिकामं ठेवा वगैरे पाटी असते, मग पाटीचं ऐकायचं.

दुसरं : ६५ फुटी बोट आणि ७२ फुटी हौद. उंबरठा वजा केला तर पुढे-मागे हलायला फारच थोडी जागा उरते. खाली जाताना नाळ खालच्या दाराला हलकी टेकली तरी चालेल, पण ती दाराच्या आडव्या लाकडात किंवा लोखंडात अडकत नाही ना, हे पुढे उभं राहून एकाने बघावं. अडकली तर पाणी उतरताना नाळ वरच राहते. वर चढतानाही तेच, नाळेचा फेंडर (धक्का झेलायची गादी) दाराखाली अडकला की पाणी बोटीवर चढतं. उपाय तोच : ज्या झडपा उघड्या आहेत त्या बंद करा आणि पातळी उलटी फिरवा.

---

पाणवठा

आता नदी. बाथमधल्या विडकमच्या शेवटच्या लॉकमधून (क्रमांक ७) बाहेर पडलात की समोर एव्हन. उजवीकडे ओघाविरुद्ध गेलात तर थोड्याच अंतरावर पल्टनीचा पायऱ्या-पायऱ्यांचा बंधारा, त्याच्या पुढे बोट जात नाही. डावीकडे ब्रिस्टल.

निघायच्या आधी. त्या लॉकमध्ये शिरण्यापूर्वी तीन कामं. नांगर नाळेवर काढून ठेवा, त्याच्या साखळीचं आणि दोराचं दुसरं टोक बोटीच्या कड्याला पक्कं केलेलं आहे का ते हाताने ओढून बघा. नांगर असतो पण पेटीत, गाठोड्यात, टोक मोकळं, असं फार वेळा आढळतं. साखळी आणि दोर मिळून पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट लांब हवेत, नाहीतर नांगर नुसता तळावर घासत जातो. दुसरं, लाइफजॅकेट सगळ्यांनी घालायची, पोहता येणाऱ्यांनीही. तिसरं, डिझेल किती आहे ते बघा. नदीत इंजिन हेच ब्रेक.

पातळी. लॉकांपाशी पाण्याच्या पातळीच्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. हिरवा म्हणजे नेहमीसारखं. पिवळा म्हणजे जपून, आणि नवशिक्यांसाठी खरं तर नकोच. लाल म्हणजे बंद. लालवर नदीत उतरलात तर विमा आणि भाड्याचा करार दोन्हीचं संरक्षण जातं. पाऊस थांबला म्हणजे नदी उतरली असं नाही. वरच्या डोंगरउतारांचं पाणी एक-दोन दिवस येत राहतं. इंग्लंडचा जून कोरडा असेलच याची शाश्वती नाही, म्हणून बाथला पोचल्यावर दोन दिवसांचा अंदाज बघूनच खाली उतरा. खाली अडकलात तर बोट सातव्या दिवशी परत देता येत नाही.

बंधारे. प्रत्येक नदीलॉकच्या बाजूला बंधारा आहे. तिथे नदीला दोन फाटे फुटतात, एक लॉककडे आणि एक बंधाऱ्याकडे. लॉककडे जायची पाटी लवकर शोधा आणि त्या काठाला अगोदरच जा. पाटी दिसेपर्यंत मधोमध राहिलात तर ओघ बाजूला ओढतो.

काठाला लागणं. ओघाविरुद्ध जाताना सोपं : नाळ ओघात ठेवा, हळूहळू काठाला या, आधी पुढचा दोर बांधा. ओघाबरोबर जाताना आधी मागचा दोर. पुढचा आधी बांधलात तर ओघ पिछाडीला धरून बोट गरकन फिरवतो आणि ती नदीत आडवी येते. कालव्यावर सगळे मधल्या दोराने बोट थोपवतात. नदीत ते करू नका, जोराच्या ओघात मधल्या दोरावर बोट कलते.

रात्रीचा मुक्काम. तरंगत्या धक्क्याला बांधता आलं तर उत्तम, बोट आणि धक्का एकत्र वर-खाली होतात. तसा धक्का नसेल तर दोर थोडे सैल आणि लांब, पुढचा पुढे तिरका आणि मागचा मागे तिरका. ताठ बांधलेली बोट पाणी चढलं की दोराने खाली दाबली जाते, उतरलं की काठावर लटकते. झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर भिंतीवरची पातळी एकदा बघा. दगडावर खडूची रेघ मारून ठेवली की फरक लगेच कळतो.

आणि एक : रिव्हर्समध्ये जाताना सुकाणूच्या दांड्याच्या फिरण्याच्या कक्षेत उभं राहू नका. सुकाणूचं पातं काही लागून फिरलं तर दांडा झाडूसारखा फिरतो आणि माणूस पाण्यात, बोट ढकलणाऱ्या चालू पंख्याशेजारी (प्रॉपेलर). चालवणारा एकटाच मागे, बाकीचे आत किंवा पुढे.

---

सुकाणू

पाणवठा यांच्याशी सहमत. पण धागाकर्त्यांनी हॅनमच्या पुढे जावं का, याबद्दल माझं मत वेगळं आहे. सात माणसं, नवशिके, सात दिवस. सॉल्टफर्डला मुक्काम करून परत फिरावं आणि ब्रिस्टल बाथहून रेल्वेने बघावं, पाव तासाचा प्रवास आहे.

कारण असं. कालवे आणि नद्या सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टची हद्द हॅनम लॉकला संपते. पुढे ब्रिस्टलच्या बंदराची हद्द, तिथलं शुल्क वेगळं आणि नियम वेगळे. बोट देणाऱ्यांची परवानगी आहे का, हे आधी लेखी विचारा. शिवाय भरती. एव्हन जिथे समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो, जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी एक. उधाणाच्या भरतीला पाणी ब्रिस्टलच्या तोंडाशी असलेला नेदमचा बंधारा ओलांडून आत येतं आणि हॅनमच्या पायापर्यंत पोचतं. तेवढा वेळ नदी उलटी वाहते.

---

पाणवठा

ही अडचण खरी, पण तारीख निवडून टाळता येते. कोकणातल्या कोणालाही विचारा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात मोठं उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. हॅनम ते नेदम हा टप्पा भांगाच्या दिवसांत बसवा. कॅलनिर्णयवर तिथी बघून आठवडा ठरवा, मग तिथल्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

नेदमला लॉककीपर असतो आणि वेळा ठरलेल्या असतात, आदल्या दिवशी फोन करा. तिथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवा : उजव्या हाताला लॉकमध्ये वळायचं. सरळ पुढे बंधारा आहे आणि त्याच्या पलीकडे भरतीची नदी.

आत गेल्यावर फीडर कालव्यातून थेट तरंगत्या बंदरात. विल्यम जेसपने १८०९ मध्ये नदी अडवून हे बंदर केलं, त्यामुळे ओहोटीला जहाजं चिखलात टेकायची बंद झाली. शहराच्या मधोमध, ब्रुनेल या अभियंत्याच्या एसएस ग्रेट ब्रिटन या जुन्या जहाजापासून चालत जाण्याच्या अंतरावर स्वतःची बोट बांधता येते. राजा राममोहन रॉय यांची समाधीही ब्रिस्टललाच आर्नोस व्हेलमध्ये आहे. रेल्वेने जाऊन हे बघता येईल, पण पाण्यावरून शहरात शिरणं वेगळं. अंदाज चांगला असेल तर सोडू नये असं माझं मत.

---

ताकभात

स्वयंपाकाचं लिहिते.

गॅस असतो, प्रोपेनच्या दोन टाक्या. एक संपली की दुसरीवर कॉक फिरवायचा. चार बर्नर, पण जवळजवळ. पाच लिटरचा कूकर ठेवला की शेजारचे दोन अडतात, म्हणून तीन लिटरचा न्या आणि भात दोनदा लावा. तवा लहान, कडा असलेला बरा. लॉकमध्ये बोट भिंतीला धडकते, तेव्हा गॅसवर तेलाची कढई किंवा उकळतं काही नको. लॉकांच्या दिवशी सकाळीच पोळ्या करून ठेवा, दुपारी दही-भात.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो. खिडकी आणि वरचा झरोका उघडून फोडणी करा, मग वाजत नाही. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका, दारातल्या हवेच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कापड लावून बंद करू नका. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचाही अलार्म असतो. बंद बोटीत तो वायू जीव घेतो आणि त्याला वास नसतो.

सिंकचं आणि अंघोळीचं पाणी थेट कालव्यात जातं. तळणीचं तेल, खरकटं सिंकमध्ये नाही. भांडी आधी कागदाने पुसा, तेल बाटलीत भरून कचऱ्यात टाका.

वीज १२ व्होल्टची, घरगुती सॉकेटसाठी इन्व्हर्टर. तो किती वॅटचा आहे ते विचारा. ७५० वॅटचा मिक्सर सुरू होताना जास्त ओढतो, म्हणून इंजिन चालू असतानाच लावा, तोही थोडा वेळ. इंडक्शन आणि केस वाळवायचं यंत्र विसरा. सुकी चटणी, मेतकूट, वाटण घरून नेलं की प्रश्नच मिटतो. रात्री ८ ते सकाळी ८ बोट बांधलेली असताना इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, म्हणून फोन दिवसा चार्ज करा.

पाण्याची टाकी सात माणसांना एक-दीड दिवस पुरते. काठावर ट्रस्टचे नळ आहेत, किल्ली बोटीसोबत मिळते. टाकी भरायला पाऊण तास लागतो. तो वेळ जेवणाशी जुळवून घ्या. संडासची टाकी पंपाने उपसायची की डबा काढून रिकामा करायचा, हे आधी विचारा. डब्याची असेल तर सात माणसांना एक जादा डबा मागा.

आणि लेप्टो. मुंबईत पावसाळ्यात जे सांगतात तेच इथे : कालव्याचं पाणी उंदरांच्या मूत्राने दूषित असू शकतं. हाताला कापलं असेल तर पाणी न शिरणारी पट्टी, दोर हाताळल्यावर साबणाने हात, मगच खाणं. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना बोटीवर होतो हे सांगा.

---

खिटी

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटांचं काम. तेलाची पट्टी बघा, कूलंट बघा. पंख्याच्या दांड्याजवळ ग्रीसचं एक पितळी भांडं असतं, त्याचा फिरता भाग घट्ट लागेपर्यंत एक-दोन वळसे द्या. न दिल्यास तिथून पाणी झिरपून तळात साठतं.

बोट अचानक मंदावली, इंजिनाचा आवाज जड झाला, मागून काळं पाणी उसळायला लागलं, तर पंख्याला काहीतरी गुंडाळलं आहे. बहुतेक प्लास्टिकची पिशवी, दोर किंवा कापड. आधी रिव्हर्सचा एक झटका देऊन बघा, कधी कधी तेवढ्याने सुटतं. नाहीतर बोट बांधा, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग मागच्या फळीखालचं वीड हॅच उघडा. ती पंख्याच्या बरोबर वर उघडणारी चौकोनी पेटी. हात खाली घालून काय आहे ते आधी चाचपा, तार असेल तर हातमोजा. सुरीने कापत काढा.

मग हॅचचं झाकण. ते घट्ट बसवून स्क्रू आवळायचा आणि इंजिन सुरू करून, गिअर घालून, कडेने पाणी येत नाही ना हे बघेपर्यंत वरची फळी लावायची नाही. झाकण सैल राहिलं तर चालू पंखा बोटीच्या पोटात पाणी उपसतो. वर उभ्या माणसाला काही दिसत नाही, पिछाडी खाली बसलेली दिसते तोवर उशीर झालेला असतो.

गाळात रुतलात तर पुढे रेटू नका. सगळ्यांना ज्या बाजूला पाणी खोल आहे त्या बाजूला उभं करा, हळू रिव्हर्स घाला, काठीने तळ ढकला. या कालव्यात काठाशी पाणी उथळ आणि दगडी पायरी असलेले पट्टे आहेत. चाललेल्या वाटेचा मध्य सोडू नका.

---

जुनी_पानं

थोडा इतिहास, कारण तो वाटेत दिसतो. नदीचा बाथ ते हॅनम टप्पा १७२७ मध्ये बोटींसाठी खुला झाला. कालव्याचा मधला भाग जॉन रेनीने आखला, १८१० मध्ये पूर्ण झाला. १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तो विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यावर जे व्हायचं ते झालं. डंडासजवळच्या डोंगरउतारावर पाणी गळायचं, १९५४ मध्ये तो भाग बंद पडला, पुढे काँक्रीटचा तळ घालून वाचवला. स्वयंसेवकांनी दशकानुदशकं खपून कालवा उघडला. ८ ऑगस्ट १९९० ला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला.

वाटेत क्लॅव्हर्टनचं पंपगृह बघाच, डंडास आणि बाथच्या मध्ये, कालव्यापासून उतारावर खाली. १८१३ मधलं. नदीचा ओघ २४ फूट रुंद पाणचक्की फिरवतो, आणि ती चक्की त्याच नदीचं पाणी ४८ फूट वर कालव्यात चढवते. खिटी यांनी सांगितलेले ते टँकर असे भरून निघायचे. लाकडी दातांची मोठी चाकं अजून जागेवर आहेत. ते ठरावीक दिवशीच उघडतं, दिवस बघून जा.

बाथमध्ये शिरताना क्लीव्हलंड हाउसखालचा छोटा बोगदा लागेल. वर कालवा कंपनीची कचेरी होती. छतातल्या झरोक्यातून खालच्या बोटींशी कागदपत्रांची देवघेव चाले, असं सांगतात. वर बघत जा, मात्र चालवणाऱ्याने समोर.

---

मैलाचा_दगड

सगळ्यांचे आभार. आता बेत असा. शनिवारी दुपारी बोट ताब्यात, संध्याकाळी डंडास. रविवारी बाथच्या वरच्या लॉकजवळ. सोमवारी सकाळी पातळी हिरवी असेल तर सहा लॉक उतरून सॉल्टफर्ड. मंगळवारी भांगाची भरती असेल तरच ब्रिस्टल, नाहीतर केन्शमपर्यंत. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बाथ, शुक्रवारी वर चढून ब्रॅडफर्ड, शनिवारी सकाळी परत. नदी पिवळी किंवा लाल असेल तर बाथहून मागे फिरून केन हिलच्या पायथ्याशी, म्हणजे फॉक्सहँगर्सला. तिथली २९ लॉक बोटीने चढायची नाहीत, चालत बघायची. दोन मुलांना विंडलस द्यायचा का?

---

सुकाणू

बेत चांगला. एकच बदल करा. शुक्रवारी एका दिवसात बाथची सहा लॉक चढून १० मैल, हे शेवटच्या दिवसासाठी जास्त आहे. एक लॉक दुरुस्तीला बंद असलं तरी बोट उशिरा पोचते आणि दंड लागतो. बुधवारी संध्याकाळीच बाथच्या खालच्या लॉकपाशी या, गुरुवारी सकाळी वर चढा. मग शुक्रवारी डंडास ते ब्रॅडफर्ड एवढंच उरतं. फॉक्सहँगर्स ब्रॅडफर्डपासून सुमारे १० मैल आणि ८ लॉक, म्हणजे तो पर्याय घेतलात तरी वेळ पुरतो.

---

खिटी

११ वर्षांच्या मुलाला काठावरच्या झडपेवर, शेजारी मोठं माणूस उभं करून, चालेल. दारावरच्या अरुंद फळीवरून चालणं आणि दारावरच्या झडपा मोठ्यांनीच. ७ वर्षांच्याला दोर गुंडाळायचं काम द्या, काठापासून दोन पावलं मागे.

आजींसाठी : लॉकमध्ये असताना त्यांनी केबिनमध्ये बसावं, पाठ नाळेकडे किंवा पिछाडीकडे टेकून, म्हणजे धक्का बसला तर त्या टेकूवर दाबल्या जातात. चढ-उतार बोट दोन्ही दोरांनी बांधल्यावरच, आणि पुढच्या डेकवरून, कारण तिथे पायरी कमी उंच असते. सोबत एक लाकडी पाट ठेवा. काठ उंच असेल तिथे तो डेकवर ठेवला की पायरी अर्धी होते.